पाणी पळवणारा खलनायक लहान कसा?

सोलापुरात जेम्स बॉन्डचे चाहते एकत्र बसले की दहा मिनिटांत दोन गट पडतात. एका गटाला रॉजर मूर नाहीतर पीअर्स ब्रॉस्नन हवा असतो. इस्त्री न मोडणारा सूट, बोलण्यात फिरकी, मनगटावरच्या घड्याळात एखादं हत्यार. दुसरा गट डॅनियल क्रेगचा. २००६ सालच्या 'कसिनो रॉयल'पासून बॉन्डला घाम फुटायला लागला, बसलेला मार दुसऱ्या दिवशीही चेहऱ्यावर दिसायला लागला, आणि तेव्हापासून हे भांडण चालू आहे. २००८च्या 'क्वांटम ऑफ सोलेस'ने तर क्रेगची बाजू घेणाऱ्यांतही फूट पाडली. "हा कसला बॉन्ड बे? हसायला काय पैसे पडतात का ह्याला?" हे नव्या पेठेतल्या चहाच्या गाड्यावर आजही ऐकू येतं, आणि बोलणारा नेहमी म्हाताराच असतो असंही नाही.

मी दुसऱ्या गटातला, आणि त्यातही 'क्वांटम'ची बाजू घेणाऱ्या मोजक्यांपैकी. ती बाजू इथे मांडायची आहे. या चित्रपटावरचा सगळ्यात पेटंट आक्षेप म्हणजे "खलनायक फारच किरकोळ आहे". तो आक्षेप दुसऱ्या कुणी घेतला तर समजू शकतो. सोलापूरच्या माणसाने तो घ्यावा याचं मला वाईट वाटतं.

आधी जुन्या चाहत्यांचं म्हणणं. टॉवेलच्या कारखान्यात उभी हयात घालवलेले एक काका माझ्या ओळखीचे आहेत. मूरचे चित्रपट त्यांनी तरुणपणी पाहिले. इंग्रजीचं एक वाक्य कळत नव्हतं, पण काही अडलं नाही. त्यांचा सवाल सरळ आहे. "दिवसभर मागासमोर उभं राहून कान बधिर झालेला माणूस थेटरात कशाला येतो? घाम बघायला? घाम तर आमच्या अंगावर हायेच की वो." या बोलण्याला हसण्यावारी नेणं चुकीचं आहे. ज्याच्या आयुष्यात दमणूक आहे त्याने पडद्यावर न दमणारा माणूस मागितला तर त्यात काय गैर? मराठी वाचकाला असा नायक अनोळखीही नाही. बाबूराव अर्णाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड पिढ्यान् पिढ्यांनी वाचनालयातून रांग लावून वाचले. त्यांच्या जखमा भरल्या का, रात्री त्यांना झोप लागते का, याची चौकशी कुणी केली नाही.

शिवाय जुन्या चाहत्यांचं जे गेलं ते खरोखरच गेलं. 'कसिनो रॉयल' आणि 'क्वांटम' या दोन्हीत हत्यारं बनवून देणारा क्यू नाही, साहेबांची सेक्रेटरी मनीपेनी नाही. बंदुकीच्या नळीतून दिसणारा बॉन्ड वळून गोळी झाडतो, ती ठरलेली सुरुवात 'क्वांटम'मध्ये थेट शेवटी ढकलली आहे. ती ओळखीची धून 'कसिनो रॉयल'मध्ये पूर्ण ऐकायला शेवटच्या दृश्यापर्यंत थांबावं लागतं. ज्याने लहानपणापासून त्या धूनवर शिट्ट्या मारल्या त्याला हे लागणारच.

पण "हा बॉन्डच नव्हे" ही ओरड काही क्रेगपासून सुरू झालेली नाही. ही मालिका दर काही वर्षांनी जमिनीवर येते, घाबरते आणि पुन्हा हवेत जाते. १९६९ साली 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस'च्या शेवटी बॉन्डची नवपरिणीत बायको गोळीला बळी पडली, आणि पुढच्याच चित्रपटात, १९७१ साली, मालिका पुन्हा हलक्याफुलक्या वाटेला लागली. १९७९ साली 'मूनरेकर'मध्ये बॉन्ड अवकाशात पोचला. त्याहून वर जायला जागाच नव्हती, म्हणून १९८१च्या 'फॉर युअर आईज ओन्ली'त त्याला खाली आणावं लागलं. १९८९ साली टिमोथी डाल्टनचा 'लायसन्स टू किल' आला. मित्राला शार्कच्या तोंडी दिलं म्हणून बॉन्ड सरकारी हुकूम झुगारून सूड घ्यायला निघतो. त्यावेळीही लोक म्हणाले, हे फार क्रूर झालं. नंतर कोर्टकज्जे निघाले आणि १९९५पर्यंत नवा बॉन्डपट आलाच नाही.

आणि ज्यांना "जुना, मूळचा बॉन्ड" हवा असतो त्यांनी एवढं लक्षात घ्यावं की 'कसिनो रॉयल' ही इयन फ्लेमिंगची पहिलीच बॉन्ड कादंबरी आहे, १९५३ सालची. खुर्चीला बांधून केलेला तो छळ त्यात आहे. बॉन्ड जिच्या प्रेमात पडतो त्या व्हेस्परचा मृत्यू त्यात आहे. म्हणजे रांगडा, जखमी बॉन्ड हा गुळगुळीत बॉन्डच्या आधीचा. नव्या पिढीने मोडतोड केली हा आरोप इथेच संपतो. तरी २००५ साली क्रेगचं नाव जाहीर झालं तेव्हा केस सोनेरी आहेत एवढ्यावरून काही चाहत्यांनी बहिष्काराची हाक दिली होती.

बदल धंद्यात खोट आली म्हणून केला, असंही नाही. २००२च्या 'डाय अनदर डे'ने जगभरात सुमारे ४३ कोटी डॉलर मिळवले, तोवरच्या मालिकेतला तो सर्वांत मोठा गल्ला. पण त्यात गाडी अदृश्य होत होती, बर्फाचा महाल होता, आणि संगणकावर काढलेल्या लाटेवर बॉन्ड घसरत होता. त्याच वर्षी जेसन बोर्न या दुसऱ्या हेराचा पहिला चित्रपट आला. आदल्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये विमानं इमारतींवर आदळलेली सगळ्या जगाने टीव्हीवर पाहिली होती. चाललेला धंदा बाजूला ठेवून निर्मात्यांनी मालिका मुळापासून मांडली, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

आता रांगडेपणाचा प्रश्न. हाणामारी जोरात झाली, कॅमेरा हलला, रक्त जास्त दिसलं की चित्रपट "रिअल" झाला असं आपल्याकडची तरुण मुलं धरून चालतात. 'कसिनो रॉयल'मधलं एक दृश्य पुन्हा बघावं. हॉटेलच्या जिन्यात बॉन्ड दोघांशी झुंजतो. शेवटी एकाचा गळा आवळतो, आणि ते संपायला वेळ लागतो. व्हेस्पर समोर उभी आहे. तिनेही त्या झटापटीत हात घातलेला आहे. नंतर बॉन्ड खोलीत येतो, आरशासमोर रक्त धुतो, दारूचा एक घोट घेतो, स्वतःकडे बघतो. शर्ट बदलून पुन्हा जुगाराच्या टेबलावर जाऊन बसतो. इथपर्यंत जुना बॉन्डही आला असता. रात्री परत येतो तेव्हा व्हेस्पर अंगावरच्या कपड्यांनिशी शॉवरखाली जमिनीवर बसलेली असते. हाताचं रक्त जात नाही असं तिला वाटतंय. तो तिला उठवत नाही, समजावत नाही. तसाच कपड्यांनिशी शेजारी बसतो, तिची बोटं तोंडात घेतो, आणि गारठलीस का विचारून पाणी थोडं गरम करतो. गोळी नाही, गाडी नाही, धून नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षं या मालिकेत माणसं मारली गेली, आणि मारणं म्हणजे काय हे त्या दोन मिनिटांत पहिल्यांदा दिसलं. माझ्या मते संपूर्ण मालिकेत या तोडीचं दुसरं दृश्य नाही.

'क्वांटम'मध्ये रांगडेपणाचा हा अर्थ अर्ध्या ठिकाणी विसरला गेला आणि अर्ध्या ठिकाणी फार पुढे नेला गेला. त्यामुळेच त्याच्याबद्दल मतं इतकी फाटतात.

जे विसरलं गेलं ते आधी मान्य करतो. सुरुवातीचा गाड्यांचा पाठलाग आणि सिएनाच्या कौलांवरची मारामारी इतक्या बारीक तुकड्यांत कापली आहे की कुणी कुणाला मारलं ते डोळ्यांना पकडता येत नाही. पुढच्या रांगेत बसणाऱ्याचं तर डोकंच भणभणतं. हॉलिवूडच्या लेखकांचा संप नोव्हेंबर २००७ ते फेब्रुवारी २००८ चालला, पटकथा अर्धी कच्ची राहिली, आणि दिग्दर्शक मार्क फॉर्स्टर व क्रेग यांना सेटवर प्रसंग जुळवत बसावं लागलं हे क्रेगने स्वतः नंतर सांगितलं आहे. १०६ मिनिटांचा हा चित्रपट तोवरचा सर्वांत छोटा बॉन्डपट, आणि कित्येक जागी श्वास घ्यायलाही थांबत नाही. या तक्रारीवर मी वाद घालणार नाही.

वाद खलनायकावर आहे.

डॉमिनिक ग्रीन नावाचा हा माणूस पर्यावरणाची संस्था चालवतो. दिसायला साधा, उंची बेताची, चेहऱ्यावर व्रण नाही, मांडीवर मांजर नाही. तो बोलिव्हियातली ओसाड जमीन विकत घेत सुटलाय. अमेरिकेच्या गुप्तचरांना वाटतं जमिनीखाली तेल आहे, म्हणून ते त्याला हात लावत नाहीत. बॉन्ड आणि त्याची साथीदार कॅमिल वाळवंटातल्या एका खड्ड्यात पडतात तेव्हा कळतं की खाली तेल नाही, बांध आहे. या माणसाने भूगर्भातलं पाणी गुपचूप अडवून ठेवलंय. वर येऊन ते एका वस्तीतून चालत जातात. लोक भांडी घेऊन उभे आहेत आणि नळाला शेवटचा थेंब येऊन धार तुटते. पुढे ग्रीन एका लष्करशहाला सत्तेवर बसवायची किंमत म्हणून कागद पुढे सरकवतो: देशाला पाणी आमची कंपनी पुरवेल, आणि दर आम्ही ठरवू.

"एवढंच? पाणी?" अशी प्रतिक्रिया मी लोकांकडून ऐकली आहे. लेसर नाही, उपग्रह नाही, अणुबॉम्ब नाही, फक्त पाणी.

या शहरात कित्येक वर्षं नळाला चार-पाच दिवसांआड पाणी आलेलं आहे. पाहुण्याला या म्हणायच्या आधी घरातली बाई पाण्याचा दिवस कधी आहे ते मनात मोजते. पाणी रात्री दोनला येणार असलं तर दोनला उठायचं, पिंप भरायची, हंडे भरायचे, बादल्या भरायच्या, शेवटी कपातही भरून ठेवायचं. गल्लीत चावी सोडणारा माणूस कधी येणार याची बातमी निवडणुकीच्या निकालापेक्षा लवकर पसरते. शाळेतल्या पोरालाही टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी, हे ठाऊक असतं. उजनी किती टक्के, मायनसमध्ये कधी गेलं, दुबार पंपिंग सुरू झालं का, ही आपली उन्हाळ्यातली रोजची भाषा आहे. भीमेवरचं हे धरण ११७ टीएमसीचं, पण त्यातला निम्म्याहून जास्त साठा मृत, म्हणजे तळाशी राहणारा; पातळी त्याखाली गेली की धरण मायनसमध्ये. शहर धरणापासून शंभरेक किलोमीटर लांब. नदीत सोडलेलं पाणी शहरासाठी जिथून उचलतात त्या औजच्या बंधाऱ्यापर्यंत पोचेतो वाटेत किती मुरतं आणि किती उपसलं जातं यावर इथे घरोघर चर्चा झडते. २०२१ साली उजनीतलं ५ टीएमसी पाणी इंदापूरकडे न्यायचा निर्णय झाला तेव्हा अख्खा जिल्हा उठला होता, आणि तो निर्णय मागे घ्यावा लागला. कुठल्याही अणुबॉम्बच्या बातमीने सोलापूर असं उठलेलं नाही.

ज्या गावाला हे सगळं माहीत आहे त्याने पाण्याच्या चावीवर हात ठेवून बसलेल्या माणसाला किरकोळ म्हणावं? मला तर मालिकेतला हाच एक खलनायक खरा वाटतो. अवकाशातून जग जाळायला निघालेल्या माणसाला मी आयुष्यात भेटणार नाही. पाणी कुणाचं, कुणी अडवायचं, कुणाला किती आणि कोणत्या दराने द्यायचं, हे बंद खोलीत कागदावर ठरवणारे लोक जगात आहेत. ग्रीनची गोष्ट हवेतूनही आलेली नाही. बोलिव्हियातल्या कोचाबांबा शहराचा पाणीपुरवठा १९९९ साली एका खासगी कंपन्यांच्या गटाकडे दिला गेला. दर इतके चढले की लोक रस्त्यावर उतरले, लष्कर आलं, सतरा वर्षांच्या एका मुलाचा गोळीने जीव गेला. एप्रिल २००० मध्ये सरकारला तो करार रद्द करावा लागला. त्या लढ्याला तिथले लोक पाण्याचं युद्धच म्हणतात. एका करमणुकीच्या मालिकेने, जिचा नायक एरवी हिरेचोर आणि वेडे शास्त्रज्ञ यांच्यामागे धावतो, एवढ्या जवळच्या गोष्टीला हात घातला. संकलन बिघडलं, पण हिंमत बिघडली नाही.

काकांचा प्रश्न इथे पुन्हा उभा राहतो. घरात पाण्याची ओढाताण आहेच, ती पडद्यावर कशाला? त्यावर माझं उत्तर असं की घरातली ओढाताण पडद्यावर आली म्हणून करमणूक कमी होत नाही. शेवटी त्या ग्रीनला बॉन्ड वाळवंटाच्या मधोमध उतरवतो, हातात इंजिन ऑइलचा एक डबा देतो आणि निघून जातो. तहान लागली की हे पी. पुढे कळतं की त्याचं प्रेत सापडलं, डोक्यात गोळ्या आणि पोटात ते तेल. पाणी चोरणाऱ्याला याहून चोख शिक्षा कुठल्या चित्रपटात झाली आहे? या दृश्याला जे समाधान मला मिळालं ते अदृश्य गाडीने कधी दिलं नाही. दुपारी बाराच्या उन्हात टँकरमागे पळालेल्या कुणालाही ते मिळेल.

आणखी एक गोष्ट आहे, जिच्याबद्दल आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. बॉन्ड हा ब्रिटिश सरकारचा नोकर आहे. ज्या सरकारने मे १९३० मध्ये या शहरावर मार्शल लॉ लावला, १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिली, त्याच राजमुकुटाची ही चाकरी. चित्रपट बघताना हे आठवत बसावं असं मी म्हणत नाही. मीही शिट्ट्या मारतोच. पण जुन्या बॉन्डपटांत ब्रिटनचं सरकार चुकतच नाही. ते नेहमी जगाला वाचवायला निघालेलं असतं. 'क्वांटम'मध्ये पहिल्यांदा ब्रिटनचा मंत्री बॉन्डची साहेब असलेल्या एमला समोर बसवून सांगतो की तेल हवं आहे, ते ज्याच्याकडे आहे त्याच्याशी व्यवहार करावा लागेल, मग तो माणूस कसाही असो. ब्रेगेन्झच्या ऑपेरात तळ्यावर बांधलेल्या रंगमंचासमोर बसलेले ते प्रतिष्ठित प्रेक्षक, उंची कपडे घातलेले, कानात यंत्र लावून पाण्याचा सौदा करणारे, त्यांतल्या एकाचा धागा तर थेट पंतप्रधानांच्या सल्लागारापर्यंत जातो. साम्राज्याच्या खात्यावर जगलेल्या नायकाला आपलं खातं तपासायला लावणारा हा चित्रपट. हुतात्म्यांच्या गावाने तरी त्याची कदर करावी.

मॅथिसच्या दृश्यावर मात्र माझं मन आजही दुभंगलेलं आहे. म्हातारा मित्र बॉन्डच्या हातात मरतो, आणि बॉन्ड त्याचं प्रेत कचऱ्याच्या पेटीत टाकून, पाकिटातले पैसे काढून निघून जातो. माझी बहीण त्या क्षणी उठून गेली होती, आणि तिला अडवायला माझ्याकडे शब्द नव्हते. दुःखाने माणूस दगड होतो हे दाखवायचं होतं, हे मला कळतं. तरी शॉवरमधल्या त्या दोन मिनिटांची ज्याला जाण होती त्याने मित्राला एवढं उघड्यावर टाकायला नको होतं.

'क्वांटम'वर झालेल्या टीकेचा परिणाम पुढे दिसला. २०१२चा 'स्कायफॉल' देखणा होता, क्यू परतला, मनीपेनी परतली, जगभरात शंभर कोटी डॉलरच्या वर गल्ला झाला, आणि तो मलाही आवडतो. पण खलनायकाचा राग आता फक्त एमवर होता. २०१५च्या 'स्पेक्टर'मध्ये तर कहर झाला. मालिकेतला जुना महाखलनायक ब्लोफेल्ड हा बॉन्डच्या लहानपणीचा घरातलाच पोरगा निघाला, बापाने बॉन्डवर जास्त माया केली म्हणून जळणारा, आणि मागच्या सगळ्या चित्रपटांतली कारस्थानं म्हणे त्याचीच. म्हणजे बोलिव्हियातल्या त्या वस्तीचा नळ आटला तो एका माणसाच्या बालपणीच्या मत्सरापायी! चाहत्यांनी "पाणी हा काय विषय झाला" म्हणून नाक मुरडलं आणि बदल्यात त्यांना भाऊबंदकी मिळाली. मारामारी तशीच खरखरीत राहिली, जखमा तशाच राहिल्या, पण ज्या कारणासाठी त्या सोसायच्या ते कारण घराच्या उंबऱ्याएवढं झालं. रांगडेपणा फक्त कातडीवर उरला तो इथे. २०२१च्या 'नो टाइम टू डाय'मध्ये बॉन्डला मरण आलं तेव्हा माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, पण तो कुणासाठी मेला हे विचारलं तर उत्तर पुन्हा त्याच्या प्रेयसी आणि मुलीपाशीच थांबतं.

आता मालिकेची सूत्रं २०२५मध्ये ॲमेझॉनकडे गेली आहेत आणि पुढचा चित्रपट डेनी व्हिलनव्ह करणार असं जाहीर झालं आहे. पुन्हा तोच वाद सुरू होईल, हसरा बॉन्ड की घामेजलेला. जुन्या मंडळींनी क्यू मागावा, गाडी मागावी, ती धून पहिल्याच मिनिटाला मागावी. माझी त्याला हरकत नाही, उलट पाठिंबा आहे. विनोदही हवा. क्रेगच्या शेवटच्या चित्रपटांत तो फार आटला होता. मारामारी मात्र दिसेल अशी कापा, एवढी विनंती. आणि खलनायकाला बॉन्डचा भाऊ, मित्र, गुरू असलं काहीही करू नका. त्याला बॉन्डचं नावही माहीत नसलं तरी चालेल. त्याच्याकडे एखाद्या नदीची, एखाद्या औषधाची, एखाद्या गावाच्या जमिनीची कागदपत्रं असू द्यात, आणि त्यांवरची सही कायदेशीर असू द्यात.